गायरानावर लिहिलेले नियम

चेंडू वाटेत एखाद्या माणसाला, घोड्याला किंवा कुत्र्याला लागून थांबला, तर तो जिथे थांबला तिथूनच पुढे खेळायचा. गोल्फच्या उपलब्ध लेखी नियमांतले सर्वांत जुने नियम १७४४ सालचे. एकूण कलमे तेरा, त्यांतले हे एक. दुसऱ्या एका कलमात मैदानातले दगड आणि हाडे केव्हा उचलायची याचा निवाडा आहे. आणखी एकात चेंडू घाण पाण्यात गेला तर काय करायचे ते सांगितले आहे. शेवटच्या कलमात मैदान राखण्यासाठी खणलेल्या चरांचा, शाळकरी पोरांनी पाडलेल्या भोकांचा आणि सैनिकांच्या चरांचा उल्लेख येतो. नियम खेळाचे आहेत, पण ते वाचता वाचता जागा डोळ्यांसमोर उभी राहते. इथे जनावरे चरत होती, पोरे खेळत होती, शिपाई कवायत करत होते, माणसे आपापल्या कामाला आडवी जात होती आणि या सगळ्यांतून वाट काढत काही जण गोल्फ खेळत होते. आपल्याकडच्या शब्दात सांगायचे तर ते गायरान होते. एडिंबराजवळच्या लीथ बंदरातल्या या गायरानाला ‘लीथ लिंक्स’ म्हणत. समुद्रकाठची रेताड, नांगराला नालायक आणि म्हणूनच सर्वांची राहिलेली जमीन म्हणजे लिंक्स.

हे नियम ज्या मंडळीने लिहिले तिचेच आजचे नाव ‘ऑनरेबल कंपनी ऑफ एडिंबरा गोल्फर्स’. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर गलन गावाजवळ म्यूरफील्ड नावाचे तिचे मैदान आहे, आणि क्लबही बहुधा त्याच नावाने ओळखला जातो. गोल्फच्या दुनियेत याच्याइतका जुना वारसा सांगणारे क्लब बोटांवर मोजण्याइतके, आणि आत शिरायला याच्याइतके कठीण त्याहूनही थोडे. या दोन गोष्टींची सांगड इतकी घट्ट बसवली गेली आहे की जुनेपणा म्हणजेच बंद दार, दार उघडले की परंपरा गेली, असे क्लबाचे अभिमानी आणि टीकाकार दोघेही धरून चालतात. माझे म्हणणे याच्या उलट आहे. या क्लबाने जगाला जे जे दिले ते उघड्या मैदानावर, परक्यांच्या संगतीत घडले. बंद दार हे पुढे केव्हातरी बसवलेले आहे, आणि ते कोणत्या साली बसवले तेही कागदोपत्री सापडते.

नियम लिहिण्याची गरज मुळात का पडली हे आधी पाहू. स्कॉटलंडमध्ये गोल्फ फार जुना. १४५७ मध्ये तिथल्या संसदेने गोल्फ आणि फुटबॉल दोन्ही बंद करण्याचे फर्मान काढले होते, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून खेळात रमत होते. म्हणजे नियम लिहिले जाण्याआधी जवळजवळ तीनशे वर्षे लोक नियमांशिवाय सुखाने खेळत होते. विटीदांडूचे नियम कुणी लिहून ठेवले होते? प्रत्येक गल्लीचा डाव तिथल्या पोरांना पाठ असतो. कटकट सुरू होते ती दुसऱ्या गल्लीची पोरे आली की. लीथमध्ये नेमके तेच झाले. मार्च १७४४ मध्ये एडिंबरा नगरपरिषदेने स्पर्धेसाठी बक्षीस म्हणून चांदीची एक स्टिक दिली, आणि ग्रेट ब्रिटन किंवा आयर्लंडच्या कोणत्याही भागातला गोल्फ खेळणारा माणूस या स्पर्धेत उतरू शकेल असे जाहीर केले. नुसते सरदार आणि प्रतिष्ठित नव्हेत, तर इतर खेळाडूही. आता जो माणूस कुठल्या तरी दूरच्या गावाहून येईल त्याला लीथची रीत कशी ठाऊक असणार? म्हणून तेरा कलमे कागदावर आली. अनोळखी माणसाला खेळात घेता यावे, एवढ्यासाठी लिहिलेला तो कागद आहे.

यावर कुणी म्हणेल, आणि रास्तपणे म्हणेल, की हा मोकळेपणा कागदावरचाच होता. प्रवेशशुल्क पाच शिलिंग होते, आणि त्या काळच्या मजुराला एवढे पैसे मिळवायला कित्येक दिवस राबावे लागे. पहिल्या वर्षी नाव नोंदवले बारा जणांनी, प्रत्यक्ष खेळले दहा, आणि ते सगळे एडिंबराच्या वरच्या वर्तुळातलेच. हे खरे आहे. पण स्पर्धेचे शुल्क ही एक गोष्ट आणि मैदान ही दुसरी. टोबायस स्मॉलेटच्या ‘हम्फ्री क्लिंकर’ या १७७१ च्या कादंबरीत लीथच्या मैदानाचे वर्णन येते. त्यात न्यायमूर्तींपासून साध्या कारागिरापर्यंत सगळे नुसत्या सदऱ्यांवर, एकमेकांत मिसळून चेंडूमागे धावताना दिसतात. कादंबरीकाराच्या लेखणीला थोडी सूट द्यावी लागते हे मान्य. तरी मैदान कुणा एका वर्गाचे नव्हते एवढे त्यातून निश्चित कळते. आणि बक्षीसही कुणाच्या खासगी तिजोरीतले नव्हते. ती चांदीची स्टिक कायम शहराच्याच मालकीची राहील असे नगरपरिषदेने लिहून घेतले होते. स्पर्धेआधी ती शहरातून ढोल वाजवत मिरवली जाई, दवंडीच म्हणा ना. विजेत्याने तिला आपल्या नावाचा चेंडू जोडायचा आणि वर्षभर ‘कॅप्टन’ म्हणून मिरवायचे. खेळातले तंटे सोडवण्याचा अधिकारही त्याचाच.

हा पहिला कॅप्टन जॉन रॅट्रे नावाचा शल्यवैद्य होता. नियमांच्या कागदाखाली सही त्याचीच. १७४५ मध्येही तोच जिंकला, आणि त्याच वर्षी स्टुअर्ट घराण्याच्या गादीसाठी चार्ल्स एडवर्डने बंड पुकारले तेव्हा बंडखोरांच्या फौजेबरोबर शल्यवैद्य म्हणून गेला. १७४६ मध्ये कलोडनच्या रणावर बंडाचा निकाल लागला आणि रॅट्रे कैद झाला. फाशी समोर दिसत असताना तो सुटला. त्याच्यासाठी शब्द टाकला तो डंकन फोर्ब्स यांनी, असे परंपरेने सांगितले जाते. फोर्ब्स स्कॉटलंडच्या सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख, सरकारपक्षाचे मोठे आधारस्तंभ, आणि लीथच्या मैदानावर खेळणारे. राजकारणात एकमेकांच्या जिवावर उठलेल्या बाजूंची माणसे एका मैदानावर खेळू शकत होती, आणि मैदानावरची ओळख मैदानाबाहेर उपयोगी पडत होती. क्लब नावाच्या गोष्टीचा खरा जीव कशात असतो ते या एका प्रसंगात दिसते. १७५१ मध्ये रॅट्रे परत चांदीची स्टिक जिंकून गेला.

दार लागले ते १७६४ मध्ये. आजवरच्या कॅप्टनांनी नगरपरिषदेकडे अर्ज केला की चांदीच्या स्टिकसाठी यापुढे फक्त आम्ही सभासद करून घेतलेल्यांनीच खेळावे. परिषदेने मान्यता दिली. शहराचे बक्षीस, शहराचे मैदान, आणि स्पर्धा मात्र निवडक मंडळीची. पहिल्या स्पर्धेला तोवर वीस वर्षे होऊन गेली होती. पुढे सगळे क्रमाने आले. १७६८ मध्ये लीथला मंडळीचे स्वतःचे ‘गोल्फ हाउस’ बांधायला घेतले, जेवणावळी झडू लागल्या, पैजांच्या नोंदी होऊ लागल्या, ठरावीक पोशाख आला, आणि १८०० मध्ये शहराकडून सनदही मिळाली. जेवणाखाण्याच्या, मैत्रीच्या आणि पैजांच्या त्या नोंदी वाचनीय आहेत, त्या काळच्या एडिंबराच्या वकील-वैद्य-व्यापारी जगाचा तो अस्सल दस्तऐवज आहे. त्याला नाव ठेवण्याचे कारण नाही. पण खेळासाठी नवे काय घडले, असे विचारले तर या काळाजवळ सांगण्यासारखे थोडे आहे. लीथचे मैदान गर्दीने आणि ओलीने खराब होत गेले, मंडळीवर कर्ज चढले, १८३० च्या सुमारास गोल्फ हाउस विकावे लागले, आणि काही वर्षे क्लबाचे अस्तित्व नावापुरते उरले.

त्याला पुन्हा उभे केले ते दुसऱ्या एका गायरानाने. १८३६ मध्ये कंपनी एडिंबराच्या पूर्वेला मसलबरा गावी गेली. तिथले नऊ होलचे मैदान गावाचे होते. मैदानाला वेढून १८१६ पासून घोड्यांच्या शर्यती चालत, आणि या एका मैदानावर पुढे चार क्लब आणि सगळे गाव खेळत असे. या मसलबराबद्दल थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण गोल्फच्या इतिहासात त्याच्या पदरात पुरेसे माप पडत नाही. आज जगातल्या प्रत्येक गोल्फ मैदानावरचे भोक सव्वाचार इंच व्यासाचे असते. मुंबईच्या चेंबूरला, पुण्याच्या येरवड्याला, कुठेही मोजा. हे माप मसलबराचे. तिथे १८२९ मध्ये भोक पाडण्याचे हत्यार करून घेतले होते, त्याचा व्यास सव्वाचार इंच, आणि १८९० च्या दशकात तेच माप सगळ्यांसाठी ठरले. कोळणींसाठी गोल्फची स्पर्धा ठेवायची आणि जिंकणारीला मासळीची नवी टोपली आणि वस्त्र द्यायचे, असे तिथल्या क्लबाने १८१० च्या डिसेंबरात ठरवले होते. बायकांच्या गोल्फ स्पर्धेचा हा सर्वांत जुन्या उल्लेखांपैकी एक. डोक्यावर टोपल्या घेऊन मासळी विकणाऱ्या बायका गोल्फ खेळत होत्या आणि त्याचे कुणाला वावडे वाटत नव्हते, हे ध्यानात ठेवावे. लेखात पुढे त्याचे काम पडणार आहे.

मसलबरात असतानाच कंपनी ‘ओपन’ या ब्रिटनच्या खुल्या गोल्फ स्पर्धेच्या यजमानांत आली. ओपन १८६० मध्ये प्रेस्टविक क्लबाने सुरू केली. १८७० मध्ये तरुण टॉम मॉरिसने लागोपाठ तिसऱ्यांदा जिंकून मानाचा पट्टा कायमचा घरी नेला, १८७१ ला स्पर्धाच झाली नाही, आणि १८७२ मध्ये प्रेस्टविक, सेंट अँड्र्यूज आणि एडिंबराची कंपनी या तिघांनी मिळून नवा चषक केला. तोच आजचा प्रसिद्ध, सुरईच्या आकाराचा चांदीचा चषक. स्पर्धा आलटून पालटून तिघांच्या मैदानावर, म्हणजे तिसऱ्या खेपेला मसलबराला. १८७४ ते १८८९ या काळात तिथे सहा वेळा ओपन झाली. जिंकणारे कोण? बॉब फर्ग्युसन लागोपाठ तीन वेळा जिंकला, तो मसलबराचा पोर, लहानपणापासून इतरांच्या स्टिका वाहणारा कॅडी म्हणून राबलेला. १८८६ चा विजेता डेव्हिड ब्राऊन घरांच्या छपरांवर पाट्या बसवणारा कारागीर. पार्क घराण्याने तर एका पिढीत दोन भाऊ आणि पुढच्या पिढीत मुलगा असे विजेते दिले. यजमान म्हणून नाव क्लबाचे लागे, पण माती आणि माणसे गावाची होती.

१८९१ मध्ये कंपनी तिथून उठली. रेल्वेमुळे एडिंबराहून येणाऱ्यांची गर्दी मसलबरात मावेना, हे कारण खोटे नव्हते. बाकीचे तीन क्लबही पुढे एकेक करून निघून गेले. म्यूरफील्डच्या जागेवर थोरल्या टॉम मॉरिसने मैदान आखून दिले आणि दुसऱ्याच वर्षी, १८९२ ला, ओपन तिथे भरली. पहिल्यांदाच ७२ होलची झालेली ती स्पर्धा हॅरल्ड हिल्टन या हौशी खेळाडूने जिंकली. कंपनी आपल्याबरोबर ओपनही घेऊन गेली याचा मसलबरात मोठा संताप झाला, आणि गावाने त्याच वर्षी स्वतःची वेगळी स्पर्धा भरवली. उपयोग झाला नाही. मसलबरात पुन्हा कधीही ओपन झाली नाही. गावाच्या मैदानावर घडलेली प्रतिष्ठा कुंपणाआड नेता येते, हे त्या वर्षी सिद्ध झाले.

आता म्यूरफील्डच्या बाजूने जे सर्वांत वजनदार बोलले जाते ते ऐकू. मैदान असामान्य आहे. १९२० च्या दशकात हॅरी कोल्टने ते नव्याने बांधले. पहिले नऊ होल घड्याळाच्या काट्याप्रमाणे बाहेरून फिरतात आणि पुढचे नऊ आतल्या बाजूने उलटे. त्यामुळे समुद्रावरचा वारा खेळाडूला दोन-तीन होलपेक्षा अधिक काळ एका अंगाने भेटत नाही. वारा कधी पाठीशी, कधी तोंडावर, कधी बगलेतून. बंकर उभ्या भिंतींचे, पण लपवलेले नाहीत. जे संकट आहे ते समोर दिसते. इथे २०१३ पर्यंत सोळा वेळा ओपन झाली, आणि व्हार्डन, ब्रेड, हेगन, कॉटन, प्लेअर, निकलस, ट्रेव्हिनो, वॉटसन, फाल्डो, एल्स, मिकल्सन अशी विजेत्यांची नावे आहेत. निकलसला ही जागा इतकी भावली की अमेरिकेत ओहायोत आपले मैदान बांधले तेव्हा त्याला ‘म्यूरफील्ड व्हिलेज’ नाव दिले. सभासदांचा आवडता खेळ चौघांचा, दोघादोघांच्या जोडीत एक चेंडू, आळीपाळीने फटके. तो भराभर उरकतो. सकाळी एक फेरी, मधे सावकाश जेवण, दुपारी दुसरी. अभिमानी म्हणतात, हे सगळे टिकले ते सभासद थोडे आणि एका मनाचे म्हणून. दार सताड उघडे असते तर मैदानाचे मसलबरा झाले असते.

या म्हणण्यात तथ्य आहे. हिरवळीवर पावले किती पडतात यावर तिची प्रकृती अवलंबून असते, आणि सभासदसंख्येला मर्यादा नसलेला क्लब हे मैदान या स्थितीत राखू शकला नसता. पण संख्येची मर्यादा आणि माणसांची निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहाशे-साडेसहाशे सभासदांत बायका असल्या म्हणून गवत अधिक तुडवले जात नाही. २०१६ मध्ये स्त्रियांना सभासदत्व देण्याच्या प्रश्नावर क्लबात मतदान झाले तेव्हा विरोधकांनी नेमकी ही गल्लत केली. बायकांमुळे खेळ रेंगाळेल, जोडीच्या खेळाची रीत बिघडेल, जेवणाची घडी विस्कटेल, अशी त्यांची भीती होती. वास्तविक बायका या मैदानावर पाहुण्या म्हणून खेळतच होत्या. ब्रिटन-आयर्लंड आणि अमेरिका यांच्या स्त्री हौशी खेळाडूंमधली कर्टिस कप ही स्पर्धा १९५२ आणि १९८४ मध्ये इथेच झाली. मैदानाचे काही बिघडले नाही.

त्या मतदानाचे आकडे बोलके आहेत. १९ मे २०१६ ला निकाल लागला. मतदान करणारे ६१६, बाजूने ३९७, विरोधात २१९. म्हणजे ६४ टक्के सभासद दार उघडायला तयार होते, पण क्लबाच्या घटनेला दोन तृतीयांश हवे होते. चौदा मते कमी पडली. त्याच दिवशी ओपन भरवणाऱ्या ‘आर अँड ए’ या संस्थेने जाहीर केले की स्त्रियांना सभासदत्व न देणाऱ्या मैदानावर यापुढे स्पर्धा होणार नाही. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या क्लबाने आपले दार २०१४ मध्येच उघडले होते. दहा महिन्यांनी, मार्च २०१७ मध्ये, म्यूरफील्डला पुन्हा मतदान झाले. बाजूने ४९८, विरोधात १२३. मधल्या काळात वारा, गवत, जेवणाची वेळ, यांतले काहीही बदलले नव्हते. बदलले होते ते एवढेच, की ओपन हातची जाणार हे नक्की झाले होते.

इथे आणखी एक आक्षेप येतो, आणि तो तत्त्वाचा आहे. खासगी क्लब म्हणजे मित्रांची मंडळी. कुणाशी मैत्री करावी हे सरकारने किंवा वर्तमानपत्रांनी का ठरवावे? ब्रिटनचा २०१० चा समता कायदाही केवळ पुरुषांच्या किंवा केवळ स्त्रियांच्या क्लबाला मुभा देतो, आणि स्कॉटलंडमध्ये निव्वळ स्त्रियांचे गोल्फ क्लबही आहेत. हा हक्क मला महत्त्वाचा वाटतो. चार माणसांनी आपल्या पैशाने जागा घेऊन आपापसांत खेळावे, यात तिसऱ्याने पडू नये. पण मग त्या मंडळीने नुसते मित्रमंडळ म्हणूनच राहावे. राष्ट्राची स्पर्धा आपल्या अंगणात भरवायची, तिच्या उत्पन्नात आणि लौकिकात वाटा घ्यायचा, शहराच्या चांदीच्या स्टिकचा वारसा सांगायचा, सगळ्या जगासाठी नियम आम्ही लिहिले म्हणून मान घ्यायचा, आणि प्रवेशाचा प्रश्न निघाला की आम्ही काय, चार मित्र, असे म्हणायचे, या दोन गोष्टी एका वेळी जमणाऱ्या नाहीत. २०१३ च्या ओपनला स्कॉटलंडचे तेव्हाचे प्रथम मंत्री ॲलेक्स सॅमंड गेले नाहीत ते याच मुद्द्यावर. आर अँड ए ने क्लबावर कुठलीही सक्ती केली नाही. आपला सार्वजनिक सोहळा आपण कुठे भरवावा एवढेच तिने ठरवले. मैत्रीचा हक्क शाबूत राहिला, फक्त त्याची किंमत सभासदांना स्वतः मोजावी लागली असती, आणि ती मोजायची नाही असे बहुतेकांनी ठरवले.

मग हा बदल मनापासूनचा कसा म्हणायचा, असे विचारले जाते. मला हा प्रश्न फारसा उपयोगाचा वाटत नाही. १७६४ मध्ये दार लावले तेही कुणी तत्त्वासाठी लावले नव्हते, सोयीसाठी लावले होते. जे सोयीने आले ते सोयीने गेले. शिवाय पहिल्या मतदानातलेच ३९७ विसरून चालणार नाही. ते कुणाच्या धाकाने मत देत नव्हते. मला खटकते ते वेगळेच. दार स्त्रियांसाठी उघडले, पण उंबरठ्याची उंची तेवढीच राहिली. आत जायला आजही सभासदांनीच नाव सुचवावे लागते, आणि ज्या वर्गातून ती नावे येतात त्यात छपरावर पाट्या बसवणारा किंवा मासळी विकणारी यांना जागा नाही. २०१९ मध्ये पहिल्या बारा स्त्रियांना सभासदत्वाचे निमंत्रण गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये स्त्रियांची ओपन प्रथमच म्यूरफील्डला झाली, आणि दक्षिण आफ्रिकेची ॲश्ली बुहाई चौथ्या जादा होलवर, अंधार दाटत असताना, कोरियाच्या चुन इन-जीला हरवून जिंकली. मसलबराच्या कोळणींची स्पर्धा ठरली त्याला तेव्हा दोनशे अकरा वर्षे झाली होती.

उंबरठा उंच असला तरी मैदान पुरते बंद नाही. स्कॉटलंडच्या २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने कुणाही माणसाला गोल्फ मैदान ओलांडून चालत जाण्याचा हक्क दिला आहे. भोकाभोवतीच्या ग्रीनवर पाय टाकायचा नाही, खेळात अडथळा आणायचा नाही, पण आडवे जाता येते. म्यूरफील्डही त्याला अपवाद नाही. लीथ लिंक्स आता सार्वजनिक बाग आहे. ज्या वर्षी म्यूरफील्डने पहिल्या स्त्रियांना बोलावले त्याच वर्षी, २०१९ मध्ये, तिथे जॉन रॅट्रेचा पुतळा उभा राहिला, स्टिक उगारलेला. आणि मसलबराचे नऊ होल अजून आहेत, शर्यतीच्या रिंगणाच्या आतच. शर्यतीचा दिवस नसेल तेव्हा तिथे कुणीही जावे, पैसे भरावेत, हवी तर जुन्या पद्धतीची लाकडी दांड्याची स्टिक भाड्याने घ्यावी, आणि सव्वाचार इंचांच्या भोकात चेंडू घालावा. नाव कुणी सुचवावे लागत नाही.